मीरासाहेब बंदरात राहिले

दापोडीच्या रेल्वे फाटकापासून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत मीरासाहेब मुलाणी यांचं घर होतं. गावात त्यांना सगळे भंडारी म्हणत. बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात, आणि मीरासाहेब माल वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाकी होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते समुद्रावर असत. उरलेले दिवस घरी.

त्यांचे वडील गावचे मुलाणी. जत्रेत बकरं कापायचं, मोठ्या पातेल्यात रस्सा शिजवायचा, हे काम त्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. मीरासाहेब मिसरूड फुटायच्या आधीच पूल ओलांडून खडकीला लष्करी मेसमध्ये भांडी घासायला लागले. तिथं गोऱ्यांचं खाणं पाहिलं, कामापुरतं इंग्रजी उचललं, आणि दुसरं महायुद्ध संपता संपता एका रत्नागिरीच्या खलाशाच्या ओळखीनं बोटीवर चढले.

बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी घड्याळं आणि कापड बघायला बाजारात जात. मीरासाहेब मागच्या गल्ल्यांत शिरत. कुठून फोडणीचा वास येतो, कुठं भट्टी पेटलीय, कोणती बाई दारात बसून काय निवडते आहे, हे बघत हिंडत. भाषा येत नसे. हातानं खुणा करायचे, पोटावर हात ठेवायचे, हसायचे. रंगूनला त्यांनी माशाच्या पातळ रश्शात भिजलेल्या शेवया खाल्ल्या. मोंबासाला एका बाईनं त्यांना नारळाच्या दुधात शिजवलेल्या शेंगा खाऊ घातल्या आणि वर आपल्या मुलाच्या लग्नाचं गाणं म्हणून दाखवलं. डुक्कर आणि दारू यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. आधी विचारायचे, मग खायचे.

घरी आले की चुलीपुढं बसून ते सगळं करून बघायचे. त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त सोपानराव खायला येत. सोपानरावांची नदीकाठी शेती होती. ते समोर येईल ते खात आणि म्हणत, "बरं हाय, पर भाकरीसंगं काय?"

बिल्किसबींना, म्हणजे मीरासाहेबांच्या बायकोला, या खाण्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्या एकदा सोपानरावांच्या देखतच म्हणाल्या होत्या, "दुनियाभरच्या चुली बघत्यात ह्ये. घरची चूल कशी पेटती, त्ये इचारा एकदा."

मीरासाहेबांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं होतं. खरं होतं ते.

छप्पन साली त्यांची एकुलती मुलगी गौहर हिचं लग्न ठरलं. मुलगा चाकणचा, अन्वर नावाचा, कांद्याच्या बाजारात वडिलांबरोबर काम करणारा. लग्न डिसेंबरात धरलं. मीरासाहेबांनी हिशेब केला, एवढी एक फेरी करून नोव्हेंबरअखेर परत येता येईल. बिल्किसबी म्हणाल्या, "ही फेरी सोडा." ते म्हणाले, "गौहरच्या लग्नात माझ्या हातचं जेवण असंल. शब्द देतो." आणि गेले.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा त्यांची बोट सुएझ कालव्यातून पोर्ट सैदला पोचली. तिथं पाणी आणि तेल भरून दुसऱ्या दिवशी दुपारी पुढं युरोपला निघायचं होतं. हवेत ताण होता. बंदरावर बंदूकधारी माणसं वाढली होती, दुकानदार उधार देईनासे झाले होते. कालवा कुणाचा यावरून इजिप्तचं इंग्रज-फ्रेंचांशी महिनोन्‌महिने धुमसत होतं, हे खलाशांना माहीत होतं. पण अशा बातम्या त्यांनी पुष्कळ बंदरांत ऐकल्या होत्या.

पोर्ट सैदला मीरासाहेबांची एक ओळख होती. कोळ्यांच्या वस्तीजवळ एक म्हातारी सकाळच्या न्याहारीला शेंगांतल्या शिजवलेल्या बिया विकायची. घेवड्यापेक्षा जाड, तपकिरी बिया. तिकडं त्यांना 'फूल' म्हणतात. मीरासाहेबांना या नावाची फार गंमत वाटायची. त्या बिया लोण्यासारख्या मऊ असत, पण फुटलेल्या नसत. हे कसं साधतं ते त्यांना कळत नव्हतं. म्हातारीला सगळे उम्म हसन म्हणत, म्हणजे हसनची आई. मीरासाहेबांना ते ओळखीचं वाटलं होतं. त्यांच्याही घरी बायकोला नावानं कोण हाक मारतं? गौहरची अम्मी, एवढंच.

मागच्या फेरीला म्हातारीनं खुणेनं सांगितलं होतं, घरी ये, दाखवते. या फेरीला ते संध्याकाळी बोटीवरचं जेवण उरकून, रजा घेऊन गेले. जाताना तिला द्यायला दापोडीची मिरचीपूड एका पुडीत बांधून घेतली.

म्हातारीनं लांब गळ्याचं तांब्याचं मडकं बियांनी आणि पाण्यानं भरलं. जवळच्या हमामखान्याच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीत, विझत चाललेल्या निखाऱ्यांच्या राखेत ते पुरलं. ते पहाटेपर्यंत तिथंच राहायचं होतं. एवढंच गुपित होतं, आच नाही, ऊब. मीरासाहेबांना ते मडकं उघडताना बघायचं होतं. बोट दुपारी निघणार होती. ते म्हातारीच्या ओसरीवर आडवे झाले.

पहाटे मडकं निघालं. त्यांनी पहिली बी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. नंतर पोटभर खाल्लं, म्हातारीला सलाम केला आणि बंदराकडे चालू लागले.

धक्का रिकामा होता.

त्यांना आधी वाटलं, आपण चुकीच्या धक्क्यावर आलो. मग ओळखीचा पाण्याचा नळ दिसला, तेलाचे डाग दिसले. एका हमालानं हातानं दाखवलं: गेली, पहाटेच गेली. बाँब पडायला लागणार म्हणून सगळ्या परक्या बोटींना तातडीनं बाहेर काढलं होतं. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, दोन माणसं त्यांना शोधायला पाठवली होती असं पुढं कळलं. पण ती माणसं बाजारात शोधत राहिली.

मीरासाहेबांचे कपडे, पैसे, खलाशाचा दाखला, सगळं बोटीवर होतं. अंगावर बोटीच्या कंपनीचा सदरा होता आणि छातीवर इंग्रजी अक्षरं.

त्या अक्षरांनीच घात केला. बंदराच्या फाटकाशी दंडाला फडकी बांधलेल्या चौघांनी त्यांना धरलं. एकानं सदऱ्यावर बोट टेकवून विचारलं, "इंग्लीझी?"

"हिंदी," मीरासाहेब म्हणाले. "हिंदी. भंडारी."

दुसरा शब्द चौघांना कळला नाही. त्यांनी मीरासाहेबांना एका शाळेत नेलं. टेबलामागं एक पोरगेलासा माणूस बसला होता, पुढ्यात पिस्तूल. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. "तुझी बोट गेली. तू का राहिलास? कुणी ठेवलं तुला?"

"मी शेंगा शिकायला गेलो होतो."

"काय?"

"फूल," मीरासाहेब म्हणाले. "म्हातारी. भट्टी. मडकं."

कुणी हसलं नाही. शहरावर हल्ला होणार होता आणि एक परका माणूस सांगत होता की तो न्याहारी बघायला राहिला. आपलं बोलणं किती खोटं वाटतंय हे मीरासाहेबांना स्वतःलाच ऐकू येत होतं.

"कुठली गल्ली?"

गल्लीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "चला. दाखवतो."

पुढं ते, मागं दोन बंदुका. बंदरापासून पहिल्या वळणापर्यंत वाट बरोबर होती. मग सगळ्या गल्ल्या एकसारख्या दिसू लागल्या. ते एका चौकात थांबले आणि डावीकडे वळले. चुकलं. पुढं भिंत होती. मागचा माणूस काहीतरी कडक बोलला आणि त्याच वेळी भोंगा वाजला. लोक दारं लावू लागले. मीरासाहेबांनी डोळे मिटून श्वास घेतला. काल येताना आधी वाळत टाकलेली मासळी लागली होती, मग तिळाचं तेल, मग भट्टीचा धूर. त्यांनी मासळीचा वास धरला आणि चालू लागले. बंदुकवाल्यांना वाटलं हा वेड्याचं सोंग घेतोय. पण दोन वळणांनंतर हमामखान्याचं धुराडं दिसलं.

म्हातारी दारातच होती. बंदुका बघून ती मागं सरली नाही. त्या पोरांना तिनं ओळखलं असावं, कारण एकाला तिनं त्याच्या आईच्या नावानं झापलं. मग मीरासाहेबांचा हात धरून म्हणाली, "याच्या नि माझ्यात भाकर आणि मीठ झालंय. हा माझा आहे."

तिकडच्या लोकांत हे बोलणं साधं नाही. बंदुकवाले गेले. जाताना एकानं मीरासाहेबांना स्वतःचा जुना अंगरखा आणून दिला आणि कंपनीचा सदरा काढून जाळायला लावला.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. विमानं येत, भिंती हलत. गल्लीतली सगळी घरं एका इमारतीच्या तळघरात गेली. म्हातारीचा मुलगा हसन लढणाऱ्यांत सामील झाला होता, त्याचा पत्ता नव्हता. त्याची बायको पोटुशी होती आणि दोन लहान मुलं होती. मग शहराचं पाणी बंद झालं. गच्चीवरच्या टाकीत होतं तेवढंच. एक बाई पेल्यानं मोजून देई आणि तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

म्हातारीकडे बियांचं पोतं होतं, पण त्या शिजवायला रात्रभर विस्तव आणि घडाभर पाणी कुठून आणणार? मुलं रडून रडून थकली होती. मीरासाहेबांनी तिच्या सामानात चाचपून पाहिलं. हरभऱ्याची एक पिशवी सापडली, आणि कोपऱ्यात जातं. त्यांनी हरभरे कोरडेच परतले, जात्यावर भरडले, पुन्हा दळले. थोडं तेल, कांदा, लसूण, आपली मिरचीपूड. पेलाभर पाण्यात पीठ कालवून त्यात ओतलं. मूठभर काटक्यांवर, बघता बघता पिठलं झालं.

म्हातारीनं बोटानं चाटून तोंड वाकडं केलं. "हे आजाऱ्याचं खाणं."

"आमच्याकडं दमलेल्याचं," मीरासाहेब म्हणाले. ते मराठीतच बोलले. तिला काय कळलं कोण जाणे. शिळ्या रोट्यांच्या तुकड्यांबरोबर मुलांनी ते खाल्लं आणि आणखी मागितलं. दुसऱ्या दिवशी तळघरातल्या बायका आपापल्या घरून हरभरे घेऊन आल्या.

शहराच्या पश्चिमेकडची लाकडी वस्ती पेटली तेव्हा धूर तळघरात शिरला. लोक मागच्या सरोवरातून होड्यांनी पळू लागले. एका कोळ्यानं म्हातारीच्या घरासाठी होडीत जागा धरली होती. पण तळघरातून बाहेर पडताना जिन्याची कड ढासळली आणि म्हातारीचा पाय गुडघ्याखाली दबला. तिला उचलून होडीत नेणं शक्य नव्हतं, आणि होडी थांबणार नव्हती. सून रडत होती. म्हातारीनं तिला मुलांसकट होडीकडे ढकललं. होडीत एक जागा रिकामी राहत होती. कोळ्यानं मीरासाहेबांकडे पाहिलं.

मीरासाहेबांनी नकाराची मान हलवली. त्या जागेवर तिसऱ्याच घरातली एक बाई बसली.

पुढं लढाई थांबली. इंग्रज आणि फ्रेंच सैन्य शहरात होतं. मीरासाहेबांनी दोन फळ्या बांधून म्हातारीचा पाय सरळ ठेवला होता. ते रोज रांगेत उभे राहून पाणी आणत, तिला भरवत, तिची घाण काढत. बोलायला शब्द नव्हते. ती अरबीत बोले, ते मराठीत. हळूहळू दोघांना कळू लागलं.

एक दिवस रांगेत एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं. त्याला यांचं तोडकं इंग्रजी ऐकू आलं होतं. कुठला तू, कसा आलास, त्यानं विचारलं. खडकीच्या मेसचं नाव ऐकून तो खुलला. तो लढाईच्या काळात तिथं राहिला होता. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "माझ्याकडं स्वयंपाकी नाही. आमच्या मेसमध्ये ये. आठवड्याभरात आमची बोट सायप्रसला जाते. तुला तिथून मुंबईच्या विमानात बसवून देतो. माझा शब्द."

डिसेंबर लागायचा होता. मीरासाहेबांनी मनात दिवस मांडले. लग्नाला पोचता आलं असतं.

ते म्हणाले, "साहेब, एक म्हातारी आहे. तिचा पाय मोडलाय. तिला इस्पितळात न्या. मी लगेच येतो."

अधिकाऱ्यानं मान हलवली. "सगळं भरलंय. माझ्या हातात नाही."

"मग तिला कोण बघणार?"

"तुझी कोण लागते ती?"

मीरासाहेबांच्या डोळ्यांपुढं गौहर उभी होती, हिरव्या बांगड्या भरलेली. आणि ज्यांच्या विमानांनी तो जिना पाडला त्याच लोकांची भांडी आपण उद्या घासायची, हेही होतं. पण ते नंतरचं. मुख्य गोष्ट अशी होती की म्हातारी त्या क्षणी तळघरात तहानलेली होती आणि यांच्या हातात पाण्याचा डबा होता.

"नाही जमणार, साहेब," ते म्हणाले. "घरी एक तार तेवढी करा."

अधिकाऱ्यानं सिगारेटच्या पाकिटावर पत्ता लिहून घेतला. तार दापोडीला कधीच आली नाही. त्यानं केली की नाही, अल्ला जाणे.

दापोडीला दुसरीच तार आली होती, बोटीच्या कंपनीची. भंडारी पोर्ट सैद येथे बोटीवर परतला नाही, ठावठिकाणा नाही. सोपानरावांनी ती वाचली आणि बिल्किसबींना सांगताना 'ठावठिकाणा नाही' हे शब्द गाळले. मुंबई रस्त्यावरच्या हॉटेलात रेडिओ होता. सोपानराव रोज तिथं बातम्या ऐकायला जात आणि येऊन म्हणत, "आज काय इशेष न्हाई." शहर जळाल्याची बातमी आली त्या दिवशीही ते तेच म्हणाले. बिल्किसबींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "सोपानभाऊ, माझ्याशी खोटं का बोलता?" सोपानराव खाली बसले आणि सगळं सांगितलं.

चाकणहून निरोप आला. अन्वरचे वडील भले गृहस्थ होते, पण त्यांच्याही घरात बोलणं सुरू झालं होतं. लग्न पुढं ढकलायचं तर किती? बाप आहे की नाही हेच ठाऊक नसेल तर मुलीनं कशाची वाट बघायची? गौहरची आजी रहमतबी, मीरासाहेबांची आई, म्हणाली, "लगीन करा. माझा पोरगा असंल तर त्याला बरंच वाटंल. नसंल तर पोरगी तरी मार्गी लागंल."

लग्न झालं. बिल्किसबींचा भाऊ युनूस बापाच्या जागी बसला. दारात पाहुण्यांना या बसा करायला सोपानराव उभे राहिले. जेवण खडकीच्या आचाऱ्यानं केलं. बिल्किसबींनी हातातल्या बांगड्या काढल्या नव्हत्या, पण बायका त्या बांगड्यांकडे बघत होत्या, आणि त्यांना ते दिसत होतं.

परकं सैन्य गेलं आणि आठवड्यानं हसन परतला. हाडं निघालेला, पण जिता. त्यानं आईचा पाय बघितला, मीरासाहेबांकडे बघितलं, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्यानंच मीरासाहेबांना कैरोला नेलं. तिथं आपल्या देशाच्या वकिलातीनं कागद करून दिला आणि सुएझहून मुंबईला येणाऱ्या बोटीत बसवलं.

मीरासाहेब दापोडी स्टेशनात उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. बिल्किसबी दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. सूप खाली ठेवलं. "आलात," म्हणाल्या, आणि पाणी तापवायला आत गेल्या. आत गेल्यावर त्यांचं रडणं बाहेर ऐकू आलं.

गल्ली जमली. रहमतबीनं मुलाचं तोंड हातांनी चाचपलं. सोपानराव आले ते नुसते बसून राहिले. दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी मीरासाहेबांनी सोपानरावांच्या समोर बायकोला सगळं सांगितलं. इंग्रज अधिकाऱ्याची गोष्टही सांगितली.

बिल्किसबींनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमी लग्नाला येऊ शकत हुता."

"व्हय."

"आन् आला न्हाई."

"म्हातारी एकटी हुती."

"मी कोण हुते? माझ्याभवती मानसं हुती म्हून मी एकटी न्हवते?" त्यांचा आवाज चढला नाही. "तिच्या मिठाला जागलात. लई चांगलं केलंत. माझं मीठ लगीन झाल्यापास्नं खाताय."

सोपानराव बाहेर पडताना पुटपुटले, "त्ये सांगायची काय गरज हुती, भावा?" पण न सांगता त्या घरात राहणं मीरासाहेबांना जमलं नसतं.

बिल्किसबी त्यांना जेवायला वाढत, कपडे धूत, पण बोलत नसत. असं पुष्कळ दिवस चाललं. मीरासाहेब एसटीनं चाकणला गौहरला भेटायला गेले. सगळ्या वाटेनं ते मनात शब्द जुळवत होते. गौहरनं पाणी दिलं, सासऱ्यांपुढं पदर सावरून बसली. तिला मामाकडून सगळं कळलं होतं. सासरे नमाजाला गेल्यावर मीरासाहेब म्हणाले, "बेटा, मला यायला पायजे हुतं."

गौहरनं रिकामा पेला उचलला. मग तिनं विचारलं, "ती म्हातारी आता चालती का, अब्बा?"

"काठी धरून."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. एवढंच. पण डोळे पुसायला ती आत गेली, आणि परत आली तेव्हा तिनं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मीरासाहेब पुन्हा बोटीवर चढले नाहीत. कंपनीचं बोलावणं आलं, त्यांनी नकार दिला. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. तिथल्या कॅन्टीनमध्ये ते लागले. कारखान्यात मुलखामुलखाचे लोक होते. मद्राशी, मल्याळी, पंजाबी, आणि फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत वसलेले सिंधी. मीरासाहेबांचं जुनं खूळ उफाळून आलं. सुट्टीच्या दिवशी ते कुणाच्या ना कुणाच्या घरी, त्यांच्या बायकांना काय शिजवताय विचारत बसलेले असत.

एका रविवारी ते कपडे करून निघाले तेव्हा बिल्किसबी बुरखा घालून दारात उभ्या होत्या. "आज मीबी येते," त्या म्हणाल्या. "बघू तरी काय अस्तंय तिकडं."

त्या दिवशी जायचं होतं टेकचंदकडे. टेकचंद कॅन्टीनच्या कोठारावर होता, छावणीतल्या बराकीत आईसोबत राहायचा. मीरासाहेबांना ऐन दारात धास्ती वाटू लागली. टेकचंदच्या आईनं, ईश्वरीबाईंनी, सिंधमधलं घर कसं सोडलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. आपण एकटे येणं निराळं, बुरख्यातल्या बाईला घेऊन येणं निराळं.

ईश्वरीबाई पडद्याआडून बाहेर आल्या, बिल्किसबींकडे बघून थबकल्या आणि तशाच आत निघून गेल्या. टेकचंदचा चेहरा उतरला. तो खुर्च्या सरकवत राहिला. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

"आपण निघू," मीरासाहेब हळूच म्हणाले.

बिल्किसबींनी बुरखा काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि पडदा सारून सरळ आत गेल्या.

आत ईश्वरीबाई पाठ करून कमळाचे देठ चिरत होत्या. देठात भोकं भोकं होती. बिल्किसबी भिंतीशी खाली बसल्या. थोड्या वेळानं ईश्वरीबाईंनी मागं न बघता हिंदीत विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"हितल्याच. दापोडीच्या."

"मग तुमचं घर कुणी घेतलं नाही."

"न्हाई," बिल्किसबी म्हणाल्या.

"माझं तिकडं घर होतं. मागं तळं होतं. हे देठ तिथं फुकट मिळायचे. इथं पुण्याहून मागवावे लागतात."

बिल्किसबींनी सांत्वन केलं नाही. त्या म्हणाल्या, "माझा मालक एकदा दुसऱ्यांच्या लढाईत अडकला. मेला का जिता, कळत न्हवतं. त्या टायमाला मी पोरीचं लगीन लावलं. लोक माझ्या बांगड्या मोजायचे."

सुरी थांबली. ईश्वरीबाई वळल्या आणि त्यांनी बिल्किसबींच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. एक पाट पायानं पुढं सरकवला. "भिंतीला ओल आहे. यावर बसा." आणि चिरलेले देठ त्यांच्यापुढं ठेवून म्हणाल्या, "यातली माती काढायला वेळ लागतो. काडीनं काढायची."

बाहेर मीरासाहेब आणि टेकचंद बसून होते. आतून आधी काहीच ऐकू येईना, मग पाणी ओतल्याचा आवाज, मग तेल तडतडल्याचा. दोघी बोलत होत्या, एक सिंधी वळणाच्या हिंदीत, एक मराठीत. मीरासाहेबांनी दोनदा उठून पडद्यापर्यंत जाऊन पाहिलं. दुसऱ्या वेळी बिल्किसबींनी आतूनच सांगितलं, "बसा तिथंच. झालं की बोलावते."